शिळं पाणी

लाकडी देऊळ जळालं त्या दुपारी आमच्या गटाराला पाणी आलं होतं. थोडंथोडकं नाही, काठोकाठ. एप्रिल महिना, नळाला दोन दिवस थेंब नाही, आणि गटारातून चांगलं नितळ पाणी खळखळत नाल्याकडे निघालेलं. त्यावर कुणाच्या तरी माठाचं झाकण तरंगत चाललं होतं. बाकीच्यांना त्या दिवसाची आग आठवते, धूर आठवतो, कोसळलेला मनोरा आठवतो. मला ते झाकण आठवतं. मला चौकशा करायची खोडच आहे. ती मी रुखवतात मांडून आणली, असं माझी सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

आधी देवळाचं सांगते. उल्हासनगरचा पाच नंबरचा कॅम्प जिथे संपत येतो आणि अंबरनाथची हद्द लागते, तिथे आमच्या बराकी. लढाईच्या काळात गोऱ्या सोल्जरांसाठी बांधलेल्या. गोरे गेले, फाळणीनंतर सिंधी लोक आले, आणि मग कारखान्यांच्या मागोमाग आमच्यासारखी माणसं आली. गोऱ्यांनी स्वतःसाठी एक चर्चही बांधलं होतं. सगळं लाकडाचं. भिंती फळ्यांच्या, बाकं फळ्यांची, वर कौलं, आणि पुढच्या अंगाला मनोरा, त्यात ही मोठी घंटा. दारावरच्या पाटीवर इंग्रजीत काही नाव होतं, पण रंग उडून गेल्यामुळे ते वाचलेला माणूस मला कधी भेटला नाही. सगळे त्याला लाकडी देऊळच म्हणत. कोपऱ्यावरचा किराणावाला परमानंद तर आपला जन्मच तिथला सांगायचा. त्याची आई सिंधमधून पोटुशी आली, बराकीत जागा मिळेना, तेव्हा देवळातल्या बाकावर आडवी झाली आणि तिथेच बाळंत झाली. "मैं तो इस गिरजे का बच्चा हूं, भाभी," असं म्हणत तो आम्हाला एकादशीचा साबुदाणा बांधून द्यायचा.

देवळाची माणसं, म्हणजे मराठी ख्रिस्ती, आमच्यात कुणी राहत नव्हती. थोडी कुटुंबं रविवारी अंबरनाथहून, कल्याणहून उपासनेला येत. बाकी आठवडाभर तिथे एकटी सुंदराबाई. तिचा नवरा देवळाची राखण करायचा. तो गेल्यावर किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आला. देवळाच्या आवारात पत्र्याची एक खोली, दाराशी पाण्याचं पिंप, आणि कुंपणाजवळ एक नळ, एवढा तिचा संसार. मी तिला सुंदरामावशी म्हणायची.

मी कुळगावची. आमच्याकडे विहीर होती, त्यामुळे पाणी येतं आणि जातं ही भानगड मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हती. नवी नवरी म्हणून बराकीत आले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी घंटा वाजायला लागली. सासू, म्हणजे गयाबाई, ताटावरून उठली. हात न धुता तिने पिंप कलतं केलं आणि होतं नव्हतं ते सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. मग हंडे ओतले. मग घागर. मी घास हातात धरून बघतच राहिले. मला वाटलं, हा काहीतरी विधी असणार.

"आत्या, हे कुठल्या देवाचं?" मी विचारलं.

"नळाच्या देवाचं," ती म्हणाली. "ऊठ, बादली घे, नायतर नंबर जाईल."

बारवी धरणाकडून येणारी पाइपलाइन आमच्या आधी देवळाच्या आवारात वळत होती. पाणी यायचं असलं की सुंदरामावशीचा नळ आधी शिट्टी मारायचा, मग थुंकायचा, मग धार धरायचा. आमच्या नळाला पाणी पोचायला त्यानंतर बराच वेळ लागे. पाण्याला काही वेळकाळ नसल्यामुळे बायका दिवस दिवस नळाजवळ राखण करत बसायच्या. कुणाचं दूध उतू जायचं, कुणाचं पोर पाळण्यात रडत राहायचं. ते बघून मावशीने ठरवलं, शिट्टी ऐकू आली की घंटा वाजवायची. कल्याणचे पाळकसाहेब म्हणाले, घंटा उपासनेची आहे. त्यावर तिने सांगितलं, "उपासनेला मूठभर माणसं येतात साहेब, पाण्याला आख्खी वस्ती येते. घंटेला तेवढंच बरं वाटतं." साहेब हसले आणि गप्प बसले.

शिळ्या पाण्याचंही मी नंतर विचारून घेतलं. आमच्या घरात शिळी भाकरी वाया जात नाही, शिळा भात फोडणी घालून खातात, चहाची पावडर दोनदा उकळतात. पण ताजं पाणी येतंय म्हटलं की कालचं ओतून द्यायचं. का? गयाबाईने मला उत्तर दिलं ते संध्याकाळी तांदूळ निवडताना, माझ्याकडे न बघता. "गावाला आमाला विहिरीला हात लावू देत नव्हते. कुणीतरी यायचं, वरनं ओतायचं, दुपार झाली तरी वाट बघत बसायची. त्यांचं भरून झाल्यावर तळाचं गढूळ आमच्या वाटेला. आता माझं पिंप आहे, माझा नळ आहे. मी शिळं पिणार नाही." नंतर मला त्या ओतण्याचं हसू आलं नाही. इतर घरांतही थोड्याफार फरकाने हेच चाले. सिंधी बायकासुद्धा ओतायच्या. कुणी कुणाचं बघून शिकलं हे आता सांगता येणार नाही.

गयाबाई आणि सुंदरामावशी यांचं नातं भांडणाचं, म्हणजे चांगलं होतं. नाताळला मावशी देवळाच्या प्रत्येक खिडकीत मेणबत्त्या लावायची आणि करंज्यांचं ताट घेऊन आमच्याकडे यायची. मागच्या नाताळात माझी सासू करंजी खाता खाता म्हणाली, "सुंदरे, ह्या मेणबत्त्यांनी एक दिवस तुझं देऊळ पेटणार बघ." मावशी म्हणाली, "तुझ्या तोंडात अजून एक करंजी कोंबते, थांब." दोघी हसल्या. मीही हसले.

मग ती दुपार आली.

घंटा सुरू झाली ती थांबेचना. एरवी मावशी चार-सहा ठोके देऊन दोर सोडायची. होळीनंतर एकदा मात्र पाण्याने बरेच दिवस दडी मारली होती, आणि आलं ते इतक्या जोरात की मावशीने आनंदाने हात भरून येईपर्यंत घंटा वाजवली होती. त्या दिवशी आम्ही गोधड्यासुद्धा धुतल्या. त्यामुळे घंटा थांबेना तेव्हा गयाबाईचा चेहरा फुलला. "आज जोरात आहे गं! सगळं रिकामं कर, पिण्याचं पण काढ!" आम्ही पिंप ओतलं, हंडे ओतले, माठ ओतला. शेजारीपाजारी तेच चाललं होतं. मोऱ्या भरून वाहायला लागल्या. रिकामी भांडी घेऊन आम्ही नळावर धावलो आणि नेहमीप्रमाणे नंबरावरून जुंपली.

धुराचा वास येत होता, नाही असं नाही. पण आमच्याकडे धुराची चौकशी कुणी करायची? मागच्या बाजूला कुणी ना कुणी तांब्यासाठी वायरी जाळतच असतं. देऊळ बराकीच्या पलीकडे वळणावर होतं, नळावरून दिसत नव्हतं. पुरुष माणसं कामावर गेलेली. आम्ही नळाच्या तोंडाकडे बघत उभ्या, आणि नळ कोरडाठण्ण.

तेवढ्यात सुंदरामावशी पळत आली. केस सुटलेले, तोंड उघडं, पण धुराने घसा बसलेला, शब्द फुटेना. गयाबाई सगळ्यात पुढे होती. तिने नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून हात आडवा केला आणि म्हणाली, "ए, मागं हो. घंटा वाजवती म्हणून पयला नंबर नाय मिळायचा."

मावशीचा पदर जळलेला मला दिसला. मी किंचाळले तेव्हा सगळ्यांनी वळून बघितलं.

आम्ही पळालो. रिकामी भांडी हातात घेऊनच पळालो आणि ती एकमेकांवर आपटून नुसता गोंगाट झाला. देवळाचं छत पेटलं होतं. मावशीचं पिंप दाराशी आडवं पडलेलं. तिने एकटीने ते सगळं आगीवर ओतलं होतं. तिचा नळही कोरडा. कुणी माती टाकली, कुणी ओली पोती, कुणी घराकडे पाणी आणायला पळालं आणि हात हलवत परत आलं. कुणी गटारातलं उपसून फेकलं, पण तोवर आग आवाक्याबाहेर गेली होती. लढाईच्या काळापासून वाळलेलं लाकूड ते, ते कशाला थांबतंय? परमानंदने दुकानातून फोन केला, बंब आला, पण त्याआधीच मनोरा खाली बसला. घंटा जळत्या फळ्यांमधून जमिनीवर आली आणि एकदाच वाजली. परमानंद रस्त्यात बसून हमसून हमसून रडला. वरच्या जुन्या वायरिंगची ठिणगी, असं बंबवाल्याने सांगितलं. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

मी मात्र सुंदरामावशीकडे बघत होते. ती देवळाकडे बघत नव्हती. ती गटाराकडे बघत होती. वळणावर गटार देवळाच्या अगदी कुंपणाला लागून जातं. त्यातून आमच्या सगळ्या घरांचं पाणी तिच्या डोळ्यांदेखत नाल्यात चाललं होतं.

त्यानंतर मावशीने दार लावून घेतलं. खोली तेवढी वाचली होती. बायका जाऊन दार वाजवून परत येत. मी वरणभात घेऊन गेले तेव्हा तिने दार उघडलं, ताट घेतलं, आणि दारातच म्हणाली, "वृंदा, तुला विचारते. खरं सांग."

"विचार की."

"घराघरांत पाणी होतं ना तुमच्या?"

"होतं."

"मग गटारात का ओतलंत? देवळाला द्यायला लागेल म्हणून?"

मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "मी किती वाजवली घंटा. शेंबड्या पोराला पण कळेल, ही पाण्याची नाही म्हणून. तुम्ही आलात ते रिकामी भांडी घेऊन. आणि गयाबाई म्हणालीच होती, एक दिवस पेटणार म्हणून." मग ती आत गेली. "मी भावाकडं जाते, संगमनेरला. ह्या लोकांत आता नाही राहवत मला."

मी घरी आले ती डोकं धरूनच. इतकी वर्षं ही बाई आमच्यासाठी घंटा वाजवते, आणि तिला शिळं पाणी ओततात हे माहीत नाही? मग लक्षात आलं, माहीत असणार कसं? घंटा वाजते तेव्हा ती दोराला लोंबकळत असते. ती इकडे येईपर्यंत आम्ही भांडी घेऊन रांगेत उभ्या असतो. तिच्या घंटेनं आमच्या घरात काय होतं, हे आख्ख्या वस्तीत तिनं एकटीनेच कधी पाहिलं नव्हतं. तिचा स्वतःचा नळ दाराशी, तिला ओतायची गरजच नव्हती.

पण मला खात्री करून घ्यायची होती. सगळ्यांनीच ओतलं का? सगळ्यांनी घंटेचा तोच अर्थ लावला का? मी घरोघर विचारत सुटले. तुम्हाला काय वाटलं होतं घंटा ऐकून? पिंप ओतलं होतं का? एरवी बोलायला लागलं की न थांबणाऱ्या बायका, पण या प्रश्नाला प्रत्येकीला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. एक म्हणाली, आमच्याकडे होतंच कुठं पाणी. तिच्या माठावर झाकण नव्हतं; ते मी गटारात पाहिलं होतं, पण मी ते बोलले नाही. शेवटी परमानंदच्या बायकोने, किशनीने, दुकानाच्या मागे मला बाजूला घेतलं. "सबने फेंका, भाभी. मैंने भी फेंका. मुझे लगा आज पानी बहुत जोर से आएगा." एवढं बोलून तिने डोळ्याला पदर लावला.

म्हणजे सगळ्यांचं तेच. घंटा जितकी लांबली, तितकी घरं रिकामी झाली.

मी सासूला म्हणाले, "आत्या, तू जाऊन सांग तिला. तुझं ऐकेल ती."

"काय सांगू?" गयाबाई भडकली. "घरात पाणी होतं आणि गटारात ओतलं, हे सांगू? तेच तर बघितलंय तिनं! आणि तिला मागं हो म्हणाले ते? ते कुठल्या तोंडानं सांगू?" तिने सुपातले तांदूळ इतक्या जोरात पाखडले की अर्धे जमिनीवर सांडले. मी ते वेचायला बसले, तर तिने मलाच हाकललं.

एक गोष्ट मात्र मी बघितली. त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी ओतणं बंद झालं. घंटा नसल्यामुळे पाणी कधी यायचं ते कळायचं नाही, बायका पुन्हा पाळीपाळीने नळावर बसायला लागल्या. पाणी आलं की कालच्याच पाण्यावर आजचं भरायचं. मी एकदा मुद्दामच हंडा कलता करायला गेले, तर सासू म्हणाली, "राहू दे." शेजारीही कुणी ओतेना. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि त्यावर कुणी बोलतही नव्हतं.

सासू जात नाही म्हटल्यावर मीच मावशीकडे गेले. सगळं सांगितलं. शिळं पाणी, होळीनंतरची ती लांबलेली घंटा, किशनी काय म्हणाली ते. मला वाटलं होतं, ऐकून तिचं मन हलकं होईल. ती खाटेच्या कडेला बसून शांतपणे ऐकत राहिली.

"म्हणजे मी घंटा वाजवली नसती, तर पिंपं भरलेली राहिली असती," ती म्हणाली.

"तसं नाही गं मावशी."

"तसंच आहे. मी वाजवत राहिले आणि तुम्ही ओतत राहिलात." तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. "तू चौकशी केलीस ते बरं केलंस. पण आता मला सांग, मी काय मानून झोपू? तुम्ही वाईट आहात हे मानून झोपू, का माझ्याच हातानं देऊळ गेलं हे मानून?"

घरी येऊन मी खूप रडले. कमळाकर, माझा नवरा, म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही, पण तो चुकीचं बोलला होता असंही मला म्हणता येईना.

मावशीचं जायचं ठरलं. कल्याणच्या मंडळींनी निरोप दिला की इथे पुन्हा बांधायचं की नाही ते पुढे बघू, तोवर घंटा आमच्याकडे पाठवा. एका रविवारी सकाळी भाड्याने बोलावलेल्या हरिचंद्रचा टेम्पो देवळाच्या आवारात लागला. आधी कल्याण, तिथे घंटा उतरवायची आणि मावशीला एस.टी.त बसवून द्यायचं, सामान पुढे जाणाऱ्या ट्रकमध्ये टाकायचं, असा बेत होता. मी मदतीला गेले. सासूला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "मला कामं आहेत." कामं म्हणजे काय, तर उंबऱ्याच्या आत बसून ती निवडलेले तांदूळ परत निवडत होती.

खाट चढली, ट्रंक चढली, स्टोव्ह चढला. मावशीने तिच्या पिंपातलं उरलंसुरलं पाणी तुळशीसारख्या जपलेल्या तिच्या गुलाबाला घातलं, पिंप उपडं केलं, आणि तेही टेम्पोत गेलं. हरिचंद्रने त्याला दोरी आवळली. तिच्या दाराशी पिंपाच्या बुडाचा गोल ओला डाग तेवढा राहिला.

शेवटी घंटा. काजळीने काळीठिक्कर पडलेली, पण तडा गेलेला नव्हता. हरिचंद्र आणि त्याच्या साथीदाराने ती बांबूला बांधून खांद्यावर घेतली. टेम्पोपर्यंत आले आणि गाठ सुटली. घंटा टेम्पोच्या फाळक्यावर आदळली, तिथून देवळाच्या उरलेल्या दगडी पायरीवर, आणि उतारावरून गडगडत निघाली. प्रत्येक दगडावर वाजत होती. हरिचंद्र मागे धावला, पण ती कुंपणाला जाऊन अडली तेव्हाच थांबली.

"आवाज गेला असेल सगळीकडं," मावशी कसनुशी हसून म्हणाली. "आता बघ, धावतील नळावर."

मीही सवयीने नळाच्या वाटेकडे बघितलं. तिकडे कुणी नव्हतं. मग आमच्या बराकीच्या बाजूने पायांचे आवाज आले, खूप पायांचे, आणि पाणी हिंदकळल्याचा आवाज.

वळणावरून पहिली आली ती गयाबाई. अनवाणी. कमरेवर भरलेला हंडा, दुसऱ्या हातात भरलेली घागर, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिचा श्वास लागला होता. "कुठं लागलीय? सुंदरे, कुठं लागलीय?" ती ओरडत होती. तिच्या मागे किशनी, तिच्या मागे आख्खी बराक. बादल्या, कळश्या, डबे, सगळे भरलेले. रविवार असल्याने पुरुषही घरी होते. कमळाकर अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच बादली घेऊन धावत होता. ती माठाच्या झाकणवाली बाई आख्खा माठ उराशी धरून आली, ओगराळं आत तसंच खुळखुळत होतं. परमानंदकडे पाणी नसावं, तो सोड्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन आला आणि एक बाटली फोडायच्या तयारीत उभा राहिला.

आदल्या दिवसापासून नळाला पाणी नव्हतं. वस्तीत प्यायला जेवढं होतं, तेवढं सगळं आता देवळाच्या आवारात उभं होतं.

सगळे थबकले. आग नव्हती. काळी जमीन, सामान भरलेला टेम्पो, आणि कुंपणाशी पडलेली घंटा.

"काय जळतंय?" गयाबाईने विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली.

"मग वाजवलीस कशाला?"

"मी नाही वाजवली. पडली ती."

गयाबाईने घंटेकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं. हंडा जड झाला होता, पण ती तो खाली ठेवेना. कुणीच काही खाली ठेवेना. माझ्या सासूला माफी मागायला येत नाही. मी तिला कधी मागताना पाहिलेलं नाही. ती हंड्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "शिळं आहे. पण आहे."

सुंदरामावशी जवळ आली. तिने हंड्यात वाकून पाहिलं, मग घागरीत, मग मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या भांड्यांकडे. मग हरिचंद्रकडे वळली.

"ते पिंप उतरव."

"मावशी, आत्ताच आवळून बांधलंय. कल्याणला उशीर होईल."

"उतरव म्हणते ना."

तो कुरकुरत टेम्पोत चढला, दोरी सोडली आणि पिंप खाली दिलं. मावशीने स्वतःच ते ओढत नेऊन दाराशी त्या ओल्या डागावर नीट बसवलं. बायका पुढे सरसावल्या तशी गयाबाई एका बाजूला झाली. "तुम्ही घाला आधी," ती पुटपुटली.

"गया," मावशी म्हणाली, "तू ये. तुझा पयला नंबर."

गयाबाईने हंडा कलता केला. अर्धं पाणी पिंपात गेलं आणि अर्धं तिच्या स्वतःच्या पायावर. मी धरायला गेले तर तिने कोपराने मला ढकललं. मग किशनीने ओतलं, मग माठ रिकामा झाला, मग कमळाकरची बादली. पिंप भरत आलं तशी ढकलाढकली सुरू झाली आणि माझ्या सासूला आवाज फुटला. "नंबर लावा! एकेकानं या!" परमानंद खोकं घेऊन रांगेत उभा होता. त्याने विचारलं, "मौसी, सोडा भी डाल दूं?" मावशीने त्याला दटावलं, आणि हसता हसता तिने पदराने तोंड झाकून घेतलं.

हरिचंद्र टेम्पोला टेकून हे सगळं बघत होता. शेवटी त्याने घड्याळाकडे पाहिलं. "मावशी, भरलेलं पिंप मी चढवू कसं?"

"चढवायचं नाही ते," सुंदरामावशी म्हणाली. "ट्रंक उतरव आता. आणि ती घंटा आधी उचल, मातीत पडलीय."